पोट सुटतंय, पाळी जायचं वय आहे, पण एवढ्यावर थांबायचं का? एका ताईंची पूर्ण केस

पेशंट ४८ वर्षांच्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात पोळी-भाजीचे डबे करून देतात, पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभ्या. मी तिथलीच फॅमिली डॉक्टर. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल अशा बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, त्यामुळे या कोण असतील याचा अंदाज कुणी बांधत बसू नये. इथे त्यांना नुसतं ताई म्हणते.

तक्रार एकच होती. "मॅडम, पोट बघा की कसं सुटलंय. जेवण तेवढंच आहे, उलट रात्रीचा भात बंद केला तरी वाढतंय." वर्षभरात वजन ५८ वरून ६६ वर. पाळी दीड-दोन महिन्यांनी यायला लागलेली, रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोपमोड होते, चिडचिड होते. त्याआधी त्यांनी दोन ठिकाणी दाखवलेलं. एकीकडे थायरॉइड करून "नॉर्मल आहे, वयाचं आहे, चाला" असं सांगितलं, दुसरीकडे "मेनोपॉज आहे, हार्मोनल आहे" म्हणून कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं. घरात सासूबाईंचं वेगळंच, "या वयात सगळ्यांचंच सुटतं, आमचं नाही का सुटलं". आणि गावात लग्नकार्याला भेटेल ती बाई म्हणते की चेहरा किती भरलाय, बरं मानवलंय.

आता हे "हार्मोनल आहे" काही चूक नव्हतं. आपल्याकडे पाळी कायमची जायचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास, म्हणजे ताई बरोब्बर त्या टप्प्यात होत्या, आणि ४५ च्या पुढे अशी लक्षणं असली की त्यासाठी एफएसएच (पाळीशी संबंधित हार्मोनची रक्ततपासणी) वगैरे करायचीही गरज नसते, कारण या काळात तो आकडा महिन्यामहिन्याला वरखाली होतो आणि रिपोर्ट बघून नवीन काही कळत नाही. पण मेनोपॉजचं लेबल बरोबर लागलं म्हणून पोटाचं उत्तर मिळालं असं होत नाही, आणि या केसमध्ये सगळं तिथंच अडकलेलं.

त्यासाठी मेनोपॉजमध्ये नेमकं काय होतं ते थोडं बघू. अमेरिकेत स्वान नावाचा मोठा अभ्यास झाला, १९९० च्या दशकात तीन हजारांहून जास्त बायका घेतल्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहिले. त्यातून दिसलं ते असं, की वजन चाळिशी-पन्नाशीत हळूहळू वाढतच असतं, वर्षाला अर्धा-पाऊण किलो धरा, मेनोपॉज आला म्हणून काटा एकदम उडी मारत नाही. बदलतं ते आतलं. शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून ते दोन वर्षं नंतरपर्यंत चरबी साठायचा वेग जवळजवळ दुप्पट होतो आणि स्नायू कमी व्हायला लागतात. इस्ट्रोजेन असेपर्यंत चरबी मांड्या-कमरेवर बसते, ते उतरलं की पोटात, आतड्यांच्या भोवती जमायला लागते. म्हणून काटा फारसा हलला नाही तरी साडीच्या निऱ्या नीट बसेनात असं होतं. बायका सांगतात ते खरं असतं, खोटं कुणी बोलत नाही.

पण वर्षात आठ किलो? ते पण रात्रीचं जेवण कमी करून? इथं माझं पहिलं खटकलं.

दुसरं खटकलं ते ब्लाऊजमुळे. मी सहज विचारलं, ब्लाऊज नवीन शिवावे लागले असतील ना. तर म्हणाल्या, "तेच की, शिंपी पण हसतोय, पोटावर हुक लागत नाही म्हणून सोडून दिलं आणि बाह्या मात्र आत घ्यायला लावल्या, दंडात ढगळ व्हायला लागल्या." हे वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवलं. माणूस नुसता जाड होतो तेव्हा दंड पण भरतात. पोट पुढं आणि हातपाय वाळलेले, हे कॉम्बिनेशन वेगळंच काहीतरी सांगतं.

तपासताना

वजनाचा काटा आणि बीएमआय यावर मी फार विसंबत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, आणि अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के. आपण भारतीय लोक दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले, त्यामुळे टेप लावणं भाग आहे. टेप बेंबीवर अंदाजपंचे लावायची नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची आणि श्वास सोडल्यावर मोजायचं. आपल्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटीमीटर. ताईंचं आलं ९७.

बीपी १५०/९६, आधी कधीच नव्हता. चेहरा गोल, गाल लालसर. मानेच्या मागे, मंगळसूत्र टेकतं तिथं, मऊ उंचवटा. पोटावर वण होते, आता बाळंतपणाचे पांढरे वण आपल्याकडे निम्म्या बायकांना असतात, त्याचं काही नाही, पण हे जांभळट होते आणि बोटभर रुंद, आणि ताईंची शेवटची डिलिव्हरी वीस-बावीस वर्षांपूर्वीची. हातावर काळेनिळे डाग. कशाने पडले म्हटलं तर "बांगड्या भरताना पण पडतात आता, कासारीण घाबरती हात धरायला."

मग मी त्यांना कमी उंचीच्या स्टुलावर बसवलं, हाताची घडी घालायला लावली आणि म्हटलं उठा. उठता येईना. पुढं झुकल्या, परत बसल्या, मग गुडघ्यावर हात रेटून उठल्या. त्यांना वाटत होतं हे गुडघ्यामुळं. गुडघे दुखत होते हे खरं, पण दुखण्यानं उठताना माणूस कळवळतो, इथं ताकदच लागत नव्हती. मांड्यांचे स्नायू गेलेले.

पोट वाढलेल्या बाईमध्ये आणखी काही गोष्टी बघायच्याच असतात त्या पण बघितल्या. युरीन प्रेग्नन्सी टेस्ट, हो, ४८ ला पण, पाळी अनियमित असताना ती न करता पुढं जायचं नाही. पोटात पाणी आहे का. ओव्हरीची गाठ आहे का. हे जरा थांबून वाचा, कारण पन्नाशीच्या आसपास नव्यानं सुरू झालेलं पोट फुगणं, दोन घासात पोट भरणं, सारखं लघवीला लागणं असं आठवड्यामागून आठवडे चालू राहिलं तर त्याला गॅस म्हणून ओव्याचं पाणी देत बसू नये, सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी. ताईंना तसं काही नव्हतं. सोनोग्राफीत लिव्हरवर थोडी चरबी आणि गर्भाशयात दोन सेंटीमीटरची फायब्रॉइडची गाठ, एवढंच. त्या गाठीवरून लगेच घरात चर्चा सुरू झाली की पिशवी काढूनच टाकू, एकदाची कटकट जाईल. दोन सेंटीमीटरच्या गाठीनं पोट ९७ होत नाही, हे मी त्यांच्या मिस्टरांना कागदावर चित्र काढून दाखवलं. पिशवी काढायची घाई आपल्या राज्यात किती महागात पडलीय ते बीडच्या ऊसतोड बायकांच्या प्रकरणात सगळ्यांनी बघितलंय, २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती.

पुडी

औषधं काय चालू आहेत हे पहिल्याच दिवशी विचारलेलं, उत्तर आलं "काही नाही". आधीच्या दोन्ही ठिकाणी पण हेच सांगितलं असणार. पण आपल्याकडे औषध म्हणजे मेडिकलमधून आणलेली गोळी, बाकीचं औषधात मोजतच नाहीत. म्हणून आता प्रश्न फिरवून विचारला, "गुडघे दुखतात तेव्हा काय घेता?"

"ते होय, ते आयुर्वेदिक आहे. त्याचा साइड इफेक्ट नसतो."

नणंदेनं आणून दिलेलं. तिला कुणीतरी सांगितलेलं, तिथून पुढं अर्ध्या भावकीत गेलेलं. पुढच्या वेळी डबा घेऊन या म्हटलं तर बिस्किटाच्या प्लास्टिकच्या डब्यात पंचवीस-तीस पुड्या, तपकिरी पावडर, पांढऱ्या कागदात बांधलेली, कागदावर ना कंपनीचं नाव ना बॅच ना तारीख. सकाळ-संध्याकाळ एकेक, दीड वर्षापासून. "पहिल्या दोन दिवसातच गुण आला, मॅडम. जिना चढायला लागले. भूक पण चांगली लागायला लागली." 

दोन दिवसात गुडघ्याच्या झिजेचं दुखणं पळवणारी जडीबुटी मला माहीत नाही. दोन दिवसात गुण, वरून भूक आणि चेहऱ्यावर तेज, हे एक औषध करतं आणि ते म्हणजे स्टेरॉइड. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि ती काही दिवसांत चालायला लागली, सगळं जग थक्क झालं, १९५० मध्ये त्याला नोबेल पण मिळालं. गोल चेहरा आणि बाकीचे परिणाम लक्षात यायला पण फार वेळ लागला नाही. आपल्याकडच्या पुड्यांमध्ये बहुतेक वेळा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन सापडतं, कारण गोळी स्वस्त, कुटून पावडरमध्ये मिसळली की झालं. डेक्सामेथासोनची पाऊण मिलिग्रॅमची चिमूट शरीरातल्या २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनएवढं काम करते, म्हणजे मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या आपल्या अड्रेनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं आपलं घरचं स्टेरॉइड दिवसभरात जेवढं बनवतात साधारण तेवढं किंवा थोडं जास्तच.

तेवढ्यात ताईंनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. मागच्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला गेल्या तेव्हा डबा घरी राहिला. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना, उलट्या, चक्कर, अंग मोडून आलेलं. सगळ्यांनी ऊन लागलं म्हटलं. घरी येऊन पुडी घेतली, संध्याकाळपर्यंत बऱ्या. "तेव्हापासून एक दिवस चुकवत नाही," असं त्या कौतुकानं सांगत होत्या आणि माझ्या अंगावर काटा आला. ते ऊन नव्हतं. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत असल्यावर अड्रेनल ग्रंथी आपलं काम बंद करतात, आणि बाहेरचं एकदम थांबलं तर शरीरात कॉर्टिसॉल उरतच नाही, बीपी खाली जाऊन माणूस दगावू पण शकतो.

रिपोर्ट

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, ४.१, लॅबच्या मर्यादेत. तसं थायरॉइड खरंच कमी असलं तरी त्यानं वाढतं ते वजन बहुतेकांचं दोन-चार किलो आणि त्यातलं बरंच पाणी असतं, आठ किलो पोट थायरॉइडवर ढकलता येत नाही. उपाशीपोटी साखर १०८, जेवणानंतर दोन तासांनी २३४, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.२. हा पॅटर्न लक्षात ठेवण्यासारखा आहे, स्टेरॉइडची साखर दुपारनंतर चढते, सकाळची फसवी चांगली असते, म्हणून नुसती फास्टिंग करून शुगर नाही म्हणणारे फसतात.

आणि सकाळी आठचा कॉर्टिसॉल ०.९. सकाळी तो साधारण ५ ते २५ मध्ये असतो.

लोक इथं गोंधळतात. कुशिंगसारखं, म्हणजे अंगात स्टेरॉइड जास्त झाल्यावर होतं तसं, सगळं अंग दिसतंय, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त पाहिजे, मग रिपोर्टमध्ये शून्याजवळ कसा? कारण लॅब मोजते ते आपल्या ग्रंथींनी बनवलेलं कॉर्टिसॉल, डेक्सामेथासोन त्या टेस्टमध्ये दिसतच नाही. बाहेरचं भरपूर आहे, घरचं बंद आहे. मेंदूतल्या पिट्युटरीच्या गाठीनं होणारा खरा कुशिंगचा आजार, जो हार्वे कुशिंगनं १९१२ मध्ये पहिल्यांदा वर्णन केला, तो फार दुर्मिळ, दहा लाखात वर्षाला दोन-तीन लोकांना, आणि त्यात कॉर्टिसॉल चढलेलं सापडतं. बाहेरून पोटात गेलेल्या स्टेरॉइडचा कुशिंग मात्र कुठल्याही तालुक्याच्या ओपीडीत बसलेला असतो, बघायला डोळे पाहिजेत. ही लक्षणं आणि हा कॉर्टिसॉल एकत्र आल्यावर एमआरआयला धावायचं कारण उरलं नाही. एवढं खरं की डॉक्टरनं दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू असतील तर त्या टेस्टमध्ये थोड्या मिसळतात, त्यामुळे लॅबला जाण्याआधी ते सांगावं लागतं.

पोटच का वाढतं? पोटाच्या आतल्या चरबीत स्टेरॉइडला पकडणारे रिसेप्टर जास्त असतात म्हणून चरबी तिकडे जमते, आणि स्नायूंमधलं प्रोटीन मोडून त्याची साखर बनवली जाते म्हणून दंड-मांड्या झिजतात. मेनोपॉज पण चरबी पोटाकडेच ढकलतो. ताईंच्या अंगात दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, म्हणूनच सगळ्यांना फक्त एकच दिसलं.

पुडी सोडवताना

घरी कळल्यावर ताईंच्या मिस्टरांनी सगळा डबा गटारात ओतायला घेतला. त्यांना थांबवलं. पुडी बंद करायची पण बदली गोळी हातात आल्याशिवाय नाही. शहरातल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी प्रेडनिसोलोन ठरावीक डोसमध्ये सकाळी नाश्त्यानंतर सुरू केलं आणि मग काही आठवड्यांच्या अंतरानं कमी करत आणलं, पुढं हायड्रोकॉर्टिसोनवर आणलं. म्हणजे स्टेरॉइड सोडवायला स्टेरॉइडच. नणंदबाईंचं यावर म्हणणं, "आमची पुडी वाईट आणि डॉक्टरची गोळी चांगली का?" प्रश्न वाईट नाही. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते माहीत असतं आणि ते कमी करता येतं, पुडीत आज किती आणि उद्या किती हे बनवणाऱ्याला पण माहीत नसतं. स्टेरॉइड औषध म्हणून वाईट नाहीच, कोविडमध्ये २०२० ला रिकव्हरी ट्रायलनं दाखवलं की ऑक्सिजनवरच्या पेशंटमध्ये रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोननं मृत्यू कमी होतात. आणि दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड हे वाचून कुणी बंद करू नका, तो विषय वेगळा.

सगळ्यात अवघड काळ दुसरा-तिसरा महिना. डोस उतरायला लागला की अंग ठणकतं, थकवा येतो, मन उदास, कातडी सोलते, आणि गुडघे पहिल्यापेक्षा जास्त दुखतात. इथेच बहुतेक पेशंट पुडीकडे परत जातात, कारण पुडी बरी होती असंच वाटतं. ताईंना हे आधीच सांगून ठेवलेलं, तरी एकदा फोनवर रडल्या. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, सुरुवातीला तेवढाच. पोळ्या लाटायला उंच स्टूल घेतलं, मुलानं कणीक मळायचं मशीन आणलं. 

पर्समध्ये एक कार्ड ठेवलंय, मराठीत लिहिलेलं: स्टेरॉइड चालू होतं, ग्रंथी अजून पूर्ण सुरू नाहीत, ताप आला तर गोळी दुप्पट, उलट्या होऊन गोळी राहत नसेल तर ताबडतोब दवाखान्यात जाऊन हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगणे. पावसाळ्यात एकदा ताप आला तेव्हा ताईंनी कार्ड बघून स्वतःच डोस वाढवला आणि मग फोन केला. हाडांची घनता कमी आलीय, त्यासाठी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि पुढचे उपचार तिकडचे डॉक्टर बघतायत, मेनोपॉज आणि स्टेरॉइड दोन्ही हाडावरच घाला घालतात.

पुडीचा नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा असं मी दोनदा सुचवलं. आयुर्वेदिक म्हणून विकून आत ॲलोपॅथीची गोळी घालणं हा औषध कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. ताई तयार नाहीत, नणंदेचं नाव पुढं येईल म्हणून. मी जास्त रेटलं नाही, माझं मत वेगळं असलं तरी तिथं राहायचंय त्यांना.

आत्ताची परिस्थिती अशी. वजन ६०.५, कंबर ८८, बीपीची गोळी अर्धी झाली, साखरेची बंद झाली. जांभळे वण फिके पडले, गेले नाहीत. सकाळचा कॉर्टिसॉल ७ वर आलाय, तो पण आदल्या दिवशीची गोळी होऊन गेल्यावर आणि त्या सकाळची घ्यायच्या आधी मोजलेला, म्हणजे घरचा कारखाना चालू व्हायला लागलाय पण गोळी अजून सुटलेली नाही, पूर्ण वर्ष पण जाऊ शकतं. स्टुलावरून हात न टेकता उठतात.

राहिलेलं पोट, ८८ वरून ८० पर्यंतचं, ते आता खऱ्या अर्थानं वयाचं आणि आमच्या सगळ्यांच्या वाट्याचं. त्यासाठी दोन वेळा डाळ-उसळ-अंडं नीट खाणं, पाण्याच्या बाटल्या घेऊन हातांचे व्यायाम, झोप. रात्रीच्या वाफांसाठी हार्मोनच्या गोळीबद्दल ताईंनी विचारलं, तर ती वाफांसाठी चांगली आहे पण पोट उतरवायचं औषध नाही हे सांगितलं, आणि बीपी पूर्ण स्थिर झाल्यावर परत बोलायचं ठरलंय. नणंदबाईंचा चेहरा मी लग्नाच्या फोटोत बघितला, गोल आहे, गाल लाल आहेत. त्यांना निरोप धाडलाय की पुडी अचानक बंद करू नका आणि सकाळी आठला रक्त द्यायला या. दिवाळी झाल्यावर येते म्हणाल्यात.